मिठाचं पाणी, गोडं पाणी

२९ एप्रिल

वही जुन्या हजेरीची आहे. मागची पानं कोरी होती म्हणून हिच्यातच लिहिते. शाळेचं नाव लिहिणार नाही; चुकून हेडसरांच्या हाती लागली तर निदान म्हणता येईल, ही दुसरीच शाळा. वेल्ह्यातली, पासलीच्या बाजूची, डोंगरातली, एवढं पुरे.

आज पुण्याच्या एका संस्थेचा मुलगा, इंद्रजित, जीपमधून दोन खोकी घेऊन आला. आत पाण्याखाली चालणाऱ्या रोबोचं सामान: पाइप, तीन छोट्या मोटारी, कॅमेरा, लांबलचक केबल, रिमोट आणि एक स्क्रीन. नववी-दहावीच्या पोरांनी तो स्वतः बांधायचा आणि पाण्यात चालवायचा. हेडसर म्हणाले, "मॅडम, सुट्टीत येणार कोण? शेतात राब भाजायची कामं, लग्नं..." मी म्हणाले, "मी येणार." तोंडातून निघूनच गेलं. माझं नेहमीचंच.

अट साधी आहे. पाच जूनला संस्थेच्या प्रमुख प्रेरणाताई स्वतः बघायला येणार. पोरांनी रोबो नीट चालवला तर हा वर्ग तीन वर्षं आमच्या शाळेत. नाहीतर सगळं सामान शहरातल्या एका शाळेला जाणार. तिथं म्हणे पोहण्याचा तलावच आहे.

असेना का! अठरा वर्षं मी इथं विज्ञान शिकवतेय आणि अठरा वर्षं आमच्या पोरांच्या वाट्याला दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं येतं. चरे पडलेली भिंगं, झिजलेली होकायंत्रं. हे पहिल्यांदा कोरं करकरीत आलंय. मी परत जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

४ मे

नावं बावीस दिली, आले नऊजण. एक तर शेळी घेऊन आला, म्हणाला घरी बघायला कुणी नाही. शेळी व्हरांड्यात बांधली आणि तास सुरू केला.

राजनंदिनी आली होती. नववीची, वाडीवरच्या कुंडलिकांची मुलगी. हात चांगला आहे तिचा, पाइप असा कापते की घासायला लागत नाही. पण शंकाखोर! प्रत्येक वाक्याला "पण मॅडम". आज दीड तासात अकरा वेळा. मी मोजले.

११ मे

शनिवारी उत्रोलीला घरी गेले तेव्हा मोटारी बरोबर नेल्या होत्या. संघपालचं भोरला मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळक्या मोटारींत जन्म गेला माझ्या नवऱ्याचा. त्याने तिन्ही मोटारी छोट्या डब्यांत बसवून वरून मेण ओतून दिलं. "पाणी आत गेलं की मोटार संपली. मेण कमी पडू द्यायचं नाही, मॅडम." मला मॅडम म्हणतो तेव्हा मनातून खूश असतो.

आज पोरांनी सांगाडा जोडला. दप्तराएवढा झालाय. आता अडलंय पाण्याशी. रोबो आहे, पाणी नाही!

गावाच्या नळाला यंदा करंगळीएवढी धार येते. नदीकाठच्या विहिरीत पाणी आहे, पण पंप ते उचलत नाही. तळाशी पाइपाच्या तोंडाला जाळी आहे, तिच्यात काहीतरी अडकलंय असं पंप चालवणारे चिमाजी म्हणतात. विहीर चाळीस फूट खोल, आत पाइप आणि वायरी. उतरायला कुणी तयार नाही. पाणबुड्या मागवायला ग्रामपंचायतीने अर्ज केलाय, तो कुठं बुडालाय देव जाणे.

शाळेच्या टाकीत दोनशे लिटर पाणी मिळेल का, एवढंच विचारायला नळावर गेले. धोंडाबाईंनी रांगेतूनच तोफ डागली. "मॅडम, हितं हंड्याला भांडणं लागल्यात, आन् तुमी खेळण्याला आंगुळ घालताय व्हय?" सगळ्या बाया हसल्या. कान गरम झाले माझे. धरणाचं पाणी आठ किलोमीटरवर, उन्हात पोरांना रोज कसं नेणार?

२० मे

पाणी मिळालं! राजनंदिनीच्या दारात निळा ड्रम आहे. वाडीतली चार घरं मिळून त्यात मिठाचं पाणी करतात आणि भाताचं बी निवडतात. पोकळ बी वर येतं, ते फेकायचं. भरलेलं तळाला जातं, ते चांगल्या पाण्यात धुवून पेरायचं. निवड झाली की त्या पाण्याला कुणी विचारत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, झाडांना घालता येत नाही. "पडूनच हाय मॅडम, वापरा की," कुंडलिक म्हणाले. सज्जन माणूस.

म्हटलं, घ्या धोंडाबाई! तुमचा एक तांब्याही नको आम्हाला.

२२ मे

चार तास लागले पण तोल जमला. इंद्रजितने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोल हाच या विद्येचा जीव. रोबो तरंगायलाही नको आणि बुडायलाही नको, पाण्यात ठेवला तिथं राहायला हवा. वजनाला ट्रॅक्टरचे जाड नट लावले. एक लावला की वर, दोन लावले की वर, पाच लावले की खाली. वर-खाली करता करता चारवर आलो आणि रोबो ड्रमाच्या मधोमध नुसता थांबला. पोरांनी श्वास धरले होते. मला खरंच रडू आलं, पण शिंक आल्यासारखं दाखवलं.

चारही नटांवर लाल नेलपॉलिशने खुणा केल्या आणि जाहीर केलं, आता याला कुणीही हात लावायचा नाही. राजनंदिनीचं सुरू झालंच. "पण मॅडम, धरणात..." म्हटलं, धरणातलं धरणात बघू. जमलेल्या कामाला दृष्ट लावू नकोस.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. उत्रोलीला गेले, विहारात वंदना झाली, सासूबाईंनी खीर केली होती. संघपालला ड्रमातला व्हिडिओ चारदा दाखवला. तो म्हणाला, "छान. पण पाहुण्यांच्या आधी एकदा धरणात सोडून बघ." सगळ्यांना माझ्या कामात 'पण'च दिसतं. तरी सत्तावीसची रंगीत तालीम ठरवलीच आहे मी. त्याने सांगितलं म्हणून नाही.

२७ मे

राग अजून गेलेला नाही.

सकाळी रोबो खोक्यातून काढला तर चारपैकी दोन नट गायब. ते खोक्याच्या कोपऱ्यात कागदात नीट गुंडाळून ठेवलेले. कुणी हात लावायचा नाही असं सांगूनही! टेम्पो दारात उभा होता. मी दोन्ही नट परत बसवले, आवळले आणि निघालो.

धरणाचं पाणी खूप खाली गेलंय. चिखलातून काठापर्यंत गेलो. मी स्वतः रोबो पाण्यात ठेवला आणि सोडला. तो थांबलाच नाही. सरळ खाली, दगडासारखा. मोटारी फुल्ल लावल्या तरी जरासा उठायचा आणि परत बसायचा. मग गाळातल्या कुठल्यातरी जुन्या खोडात अडकला. आम्ही सगळ्यांनी मिळून केबल ओढली. रोबो आला, पण केबलचा सांधा तुटून आला आणि कॅमेऱ्यात पाणी.

"नट कुणी काढले होते?" मी विचारलं. राजनंदिनी पुढे झाली. "मी मॅडम, काल. पण..."

मग माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर बोलले. हात लावू नको सांगितलं होतं ना, तुझ्यामुळे तोल बिघडला, जास्त शहाणी आहेस, तुझ्यासारख्या एकीपायी बावीस जणांचं नुकसान. ती टेम्पोत मागे तोंड करून बसली होती.

नऊ दिवस उरलेत.

२८ मे

राजनंदिनी आली नाही. मुद्दाम वाट बघितली नाही. कॅमेरा आणि केबल एसटीच्या कंडक्टरबरोबर भोरला संघपालकडे पाठवली. फोनवर तो म्हणाला, केबल ओढू नका कधीच, सांधा तिथंच तुटतो. बाकी काही विचारलं नाही त्याने.

२९ मे

आजही नाही. पाइप कापायला कुणाला धड येत नाही. बाकीची पोरं माझ्याशी फार अदबीने बोलतायत, ते मला आवडेना.

३० मे

वाडीवर गेले. ठरवून गेले होते की मोठेपणा दाखवायचा, पोरीची समजूत घालायची, म्हणायचं झालं गेलं विसर. उन्हात डोंगर चढताना वाक्यं पाठ केली होती.

कुंडलिक दारात उरलेलं बी निवडत होते. ड्रममध्ये मूठभर टाकलं, काही दाणे वर आले, ते त्यांनी हाताने गोळा करून शेजारच्या साध्या पाण्याच्या बादलीत टाकले. कोंबड्यांना घालायचे म्हणून मीठ धूत होते. बादलीत ते दाणे सगळे तळाला गेले.

मी बघत राहिले. म्हटलं, "हे बुडाले कसे? आत्ता तर तरंगत होते."

ते हसले. "मॅडम, तुमीच इचारताय? मिठाच्या पाण्यात जे तरतं ते साध्या पाण्यात बुडतं. म्हनून तर मीठ घालायचं. न्हाईतर पोकळ बी गावायचंच न्हाई."

तोंडात मारल्यासारखी उभी राहिले मी. घनता! नववीच्या पुस्तकात आहे. अठरा वर्षं अंडं आणि मिठाचं पाणी हा प्रयोग मी स्वतः करून दाखवतेय, दरवर्षी, त्याच टेबलावर! मिठाच्या पाण्यात तोल साधून रोबो गोड्या पाण्यात सोडला, तो बुडणारच. दुसरं काय होणार होतं?

राजनंदिनी आतून वही घेऊन आली. माझ्याकडे न बघता पुढे केली. एकवीस तारखेपासून तिने मांडणी केली होती. ड्रमात किती मीठ, पाणी किती जड, रोबो किती पाणी बाजूला सारतो, आणि शेवटी खाली रेघ मारून: गोड्या पाण्यात दोन नट कमी. तिने काढले होते ते दोन. मी परत बसवले होते ते दोन.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. विचारल्यावर लक्षात आलं की काय विचारलं.

"सांगत होते मॅडम," ती म्हणाली.

कुंडलिक मध्ये पडले. "जाऊ द्या मॅडम. लई बोलते ती, मलाबी राग येतो कंदी कंदी." माझी बाजू घेत होते बिचारे! तेच जास्त लागलं. चहाही गोड लागला नाही. पाठ केलेल्यातलं एक वाक्य बोलले नाही, फक्त म्हणाले, "उद्या येशील?" तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

३१ मे

आली. मागच्या बाकावर बसली. कॅमेरा आणि केबलही संघपालने दुरुस्त करून सकाळच्या एसटीने परत पाठवली होती.

फळ्यासमोर उभी राहिले. तिच्या वडिलांच्या दारात माफी मागणं सोपं गेलं असतं, तिथं बाकी कुणी नव्हतं. पण मी बोलले होते ते सगळ्यांसमोर. म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं: रोबो माझ्या चुकीमुळे बुडाला. राजनंदिनीने ती चूक आधीच ओळखून सुधारली होती, मी ती पुन्हा केली, आणि वर तिलाच बोलले. राजनंदिनी, माझं चुकलं.

व्हरांड्यात शेळी कडबा कडाकडा चावत होती. पोरं खाली बघत होती, त्यांनाच लाज वाटल्यासारखी. राजनंदिनी लाल झाली होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, पुढं चला ना. केबल जोडायची राहिलीय."

बाई गं, केवढं हलकं वाटलं.

आता गोडं पाणी हवं. पोरांनीच तोड काढली: प्रत्येकाने घरून रोज एक बाटली आणायची, आणि खिचडीच्या मोठ्या तपेल्यात ओतायची. रोबो त्यात जेमतेम मावतो. आज जवळच्या पिण्याच्याच सतरा बाटल्या जमल्या. सतरा जण आले, हेही लिहायला हवं.

२ जून

बातमी नळावर पोचली. धोंडाबाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन शाळेत आल्या. मी भांडायच्या तयारीने उठले. त्यांनी हंडा सरळ तपेल्यात रिकामा केला.

"घरातली पोरगी तहानंल्या गळ्यानं बाटली घिऊन शाळंला येतीया, म्हनलं बघावं तरी काय हाय," त्या म्हणाल्या. मग राजनंदिनीने त्यांना स्क्रीनवर तपेल्याचा तळ दाखवला, चिकटलेल्या भाताच्या शितासकट. त्या वाकून बराच वेळ बघत होत्या. "म्हंजी ह्यो पान्याखालचं दावतो?"

"व्हय मावशी."

"मंग धरनाला कशाला जाताय मरायला? आमच्या हिरीत उतरवा की! पानी आमी देतो, जाळीला काय अडकलंय त्ये तुमी दावा."

हेडसर घाबरले. विहीर अरुंद, पाइपात रोबो अडकला तर पाहुण्यांसमोर शोभा. धरण मोकळं, सोपं. खरं तर मलाही धरणच हवं होतं. पण यावेळी मी आधी वळून राजनंदिनीला विचारलं. ती म्हणाली, "धरणात काय बघायचं मॅडम? गाळ?"

ठरलं. पाच तारखेला विहीर.

४ जून

दुपारपर्यंत तपेलं काठोकाठ. दोन नट कमी करून तोल बरोब्बर बसला, तिच्या वहीत होता तसाच. संघपाल आज स्वतः मोटारसायकलवर आला आणि कॅमेऱ्याभोवती जास्तीचं मेण भरून दिलं. जाताना म्हणाला, "छाया, उद्या जिंक." नावाने हाक मारली म्हणजे त्यालाही काळजी आहे.

मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, निदान वहीला तरी कळू दे.

५ जून

सगळं नीट लिहायचंय.

प्रेरणाताई दहाला आल्या. पन्नाशीच्या, पायात साध्या चपला, फार बोलत नाहीत. विहिरीवर अख्खं गाव. टेबल, स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून छत्री, कठड्याशी रिमोट घेऊन राजनंदिनी. चिमाजींनी पंप बंद केला आणि रोबो खाली गेला.

पाच फूट, दहा फूट. शेवाळ, पाइप, एक कासव. पोरं ओरडली. पाइपाच्या शेजारून ती त्याला सावकाश उतरवत होती, ओठ दाताखाली धरून. पाण्याखाली वीस फुटांवर, तळाशी, जाळी दिसली. तिला काहीतरी हिरवं गच्च गुंडाळलेलं.

"कापड हाय," कुंडलिक म्हणाले.

धोंडाबाई छत्रीखाली घुसल्या. "अगं माझ्या कर्मा! माझं लुगडं त्ये! कठड्यावर वाळत घातलं हुतं, शिमग्यापास्नं हुडकतीया! जावंवर आळ घेतला मी त्याचा!" जाऊ मागेच उभी होती. तिने जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. प्रेरणाताई पहिल्यांदा हसल्या.

मग कुंडलिकांनी दोराला गळ बांधून सोडला. त्यांना खालचं दिसत नव्हतं, पोरीला दिसत होतं. "डावीकडं आबा. अजून. थांबा. आता वढा!" दोनदा निसटला. तिसऱ्यांदा लुगडं वर आलं, चांगलं नऊवारी, चिखलाने जड झालेलं.

चिमाजींनी आनंदात कुणाला न विचारता पंप चालू केला. पाइप थरथरला. थोड्या वेळाने गावातून आरोळी आली, "आलं गं बाय, नळाला पानी आलं!" आणि विहिरीवरची माणसं बघता बघता नाहीशी. धोंडाबाई ओलं लुगडं खांद्यावर टाकून पळाल्या. पोरंही पळाली. राजनंदिनीने रोबो पलीकडच्या भिंतीला नेऊन ठेवला आणि रिमोट माझ्या हातात कोंबला. "मॅडम, आई एकटीच हाय घरी, हंडे भरून आले!" गेली सुद्धा.

राहिलो आम्ही चौघं. हेडसर, इंद्रजित, प्रेरणाताई आणि रिमोट धरलेली मी. हेडसरांचं आभाराचं भाषण खिशातच. रोबो खाली.

प्रेरणाताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच आणा ना वर. तुमचाही हात बघू."

केबल ओढायची नव्हती, सांधा पुन्हा तुटला असता. आणि रिमोट मी महिनाभरात एकदाही चालवला नव्हता. पोरांना शिकू दे, असं सगळ्यांना सांगत आले. खरं कारण ते नव्हतंच. पोरांसमोर चुकेन याची भीती वाटायची. हेडसर डोळ्यांनी खुणावत होते, करा काहीतरी, दाबा एखादं बटण.

"मला येत नाही," मी म्हणाले. "तिला येतं. पाणी भरून आली की ती काढेल."

हेडसरांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, गेलं सामान तलाववाल्यांकडे. प्रेरणाताई पायरीवर बसल्या. मीही बसले, रिमोट मांडीवर, एका बटणालाही न शिवता. पंचवीस मिनिटं.

राजनंदिनी आली ती भिजलेली, धापा टाकत. ओढणीला हात पुसले, रिमोट घेतला, दोन मिनिटांत रोबो वर. प्रेरणाताईंनी तिला एकच प्रश्न विचारला, आधी धरणात का बुडाला होता. इंद्रजितने सांगितलेलं दिसतंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचा हिशोब चुकला होता."

"आमचा नाही," मी म्हणाले. "माझा. हिचा बरोबर होता."

प्रेरणाताईंनी पिशवीतून कागद काढला. तीन वर्षांचा. सगळं भरलेलं होतं, फक्त वर्ग कोण शिकवणार ती जागा मोकळी होती. पेन माझ्याकडे दिलं. मी दोन नावं लिहिली, तिचं आधी. त्यांनी वाचलं आणि खाली सही केली. हेडसरांनी भाषण काढलं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

उद्या सकाळी साडेसातला रिमोटचा तास आहे. विद्यार्थिनी मी एकटीच. "वेळेवर या मॅडम," जाताना बजावून गेली कार्टी, "आणि मध्येमध्ये बोलायचं नाही."